सप्लायर डायव्हर्सिटीची सुरुवात व्हेंडर रजिस्ट्रेशनच्या फॉर्मपासून करा

वाघोडियाजवळच्या एका कंपनीत परचेस सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: "आम्ही ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग आणि कंट्रोल पॅनेल बनवतो. अमेरिकेतल्या एका ग्राहकाने वार्षिक प्रश्नावलीत 'तुमच्याकडे सप्लायर डायव्हर्सिटी प्रोग्राम आहे का' असं विचारलंय. एमडी म्हणाले, तीन महिन्यांत उभा करा. महिला उद्योजक, दलित-आदिवासी उद्योजक, छोटे कारखाने यांच्याकडून खरेदी वाढवायची एवढं कळतं. पण सुरू कुठून करायचं? क्वालिटीचं काय? आणि आमचे बायर, म्हणजे आमच्याच परचेसमधले खरेदी करणारे, म्हणतात, असे व्हेंडर (पुरवठादार) मिळतच नाहीत."

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. वडोदऱ्यातच ट्रान्सफॉर्मरच्या धंद्यात मी २८ वर्षं परचेसमध्ये काढली आणि "असे व्हेंडर मिळत नाहीत" हे वाक्य सतत ऐकलं. आपली व्हेंडर लिस्ट वाढते कशी ते आठवून बघा. फॅब्रिकेशनचं काम वाढलं की बायर जुन्या फॅब्रिकेटरला फोन करतो. तो आपल्या साडूचं नाव सांगतो. साडूचा शेड शेजारच्याच गल्लीत असतो, तो दुसऱ्या दिवशी कोटेशन घेऊन येतो आणि काम सुरू होतं. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण दहा वर्षं असंच चाललं की यादीत मोजकी आडनावं उरतात आणि यादीबाहेर कुणी आहे हेच डोक्यातून जातं. तुमच्या बायरना एक दिवस मकरपुरा जीआयडीसीत (सरकारी औद्योगिक वसाहतीत) आणि एक दिवस मंजुसरच्या वसाहतीत पायी फिरायला सांगा. फोन नको, इंटरनेट नको. शेडच्या दारावरच्या पाट्या वाचायच्या आणि आत जाऊन मशीन बघायच्या. मी हे केलं तेव्हा आमच्या गेटपासून चालत पंधरा मिनिटांवर एक गॅस्केट बनवणारं युनिट सापडलं. त्या मालकाने आमच्याकडे दोनदा अर्ज केला होता. दोन्ही अर्ज परत गेले होते, का गेले ते आमच्यात कुणालाच सांगता आलं नाही.

ग्राहकाच्या प्रश्नाचं मूळ अमेरिकेत आहे. नागरी हक्कांच्या चळवळीनंतर तिथल्या मोठ्या कंपन्यांना अल्पसंख्याक समाजांच्या उद्योगांशी जोडणारी राष्ट्रीय पातळीवरची परिषद १९७२ साली उभी राहिली. किमान ५१ टक्के मालकी हवी, आणि कारभारही खरोखर त्याच व्यक्तीच्या हातात हवा, ही व्याख्या तिथे रुळली. प्रश्नावलीतले प्रवर्ग त्या समाजाचे आहेत, ते इकडे जसेच्या तसे आणायची गरज नाही. आपल्याकडे तयार साचा आहे. केंद्र सरकारच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार मंत्रालयं आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. आधी तो २० टक्के होता, २०१८ मध्ये २५ झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून आणि ३ टक्के महिला उद्योजकांकडून. खासगी कंपनीवर हे बंधनकारक नाही. पण व्याख्या आणि कागदपत्रं सगळी ठरलेली आहेत, ती उचला. तुमच्या भारतीय ग्राहकांत लिस्टेड कंपन्या असतील तर त्याही हा प्रश्न आज ना उद्या विचारतील. सेबीच्या नियमाने बाजारमूल्यात पहिल्या १००० असलेल्या कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल द्यावा लागतो, आणि छोट्या उत्पादकांकडून थेट किती टक्के खरेदी केली हे त्यात येतं.

एक गोष्ट एमडींच्या कानावर आत्ताच घाला. अमेरिकेत २०२५ पासून या विषयाचं राजकारण उलटं फिरलंय, कंपन्या शब्द बदलताहेत. प्रोग्रामचा पाया त्या प्रश्नावलीवर ठेवलात तर पुढच्या वर्षी प्रश्नच गायब झाला की प्रोग्रामही गायब होईल. पाया आपल्या गरजेवर ठेवा. एकाच कुटुंबातल्या चार शेडवर सगळं फॅब्रिकेशन अवलंबून असेल आणि त्यांच्या घरी लग्न निघालं, तर आपली लाइन थांबते.

आता काम. पहिले तीन आठवडे कुणाही नव्या व्हेंडरला बोलावू नका. गेल्या बारा महिन्यांची खरेदी काढा, व्हेंडरनिहाय आणि वस्तूनिहाय. जुन्या व्हेंडरांकडून उद्यम नोंदणीची (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीची) प्रत मागवा. बऱ्याच जणांनी नोंदणी केलेली असते, आपण कधी विचारलेलं नसतं. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. सूक्ष्म उद्योगासाठी गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटीपर्यंत, लघु उद्योगासाठी २५ कोटी आणि १०० कोटीपर्यंत. म्हणजे काल मध्यम गणला जाणारा आज लघु असू शकतो. प्रमाणपत्रावर सामाजिक प्रवर्गही छापलेला असतो.

इथे मात्र सांभाळून. उद्योजकाची जात हा एक्सेल शीटमधला साधा रकाना नाही. तो स्वेच्छेचा ठेवा, सांगायचं नसेल तर सांगू नये असं फॉर्मवर स्पष्ट लिहा, आणि ही माहिती एकाच व्यक्तीकडे, तुमच्याकडे, राहू द्या. बायरच्या स्क्रीनवर, स्टोअर्सच्या रजिस्टरमध्ये, गेटपासवर ती दिसता कामा नये.

आपण बडोद्याचे लोक आहोत, आपल्याला हे कळायला हवं. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी शिष्यवृत्ती देऊन आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. बोलावणारा खुद्द राजा होता. तरी शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही लोकांनी बाहेर काढलं, आणि शेवटी ते कमाटीबागेत येऊन बसले. आज तिथे संकल्पभूमी हे त्यांचं स्मारक आहे. महाराजांच्या इच्छेत काही कमी नव्हतं. महाराजांची इच्छा आणि धर्मशाळेचा दरवाजा यांच्यामध्ये जी माणसं होती, त्यांनी ती इच्छा पुढे जाऊ दिली नाही. तुमचे एमडी पॉलिसीवर सही करतील. त्यानंतर व्हेंडरची गाठ सिक्युरिटी केबिनशी, इनवर्ड क्लार्कशी, क्यूसी (मालाची तपासणी करणाऱ्या) इन्स्पेक्टरशी आणि अकाउंट्सच्या मुलाशी पडणार आहे. प्रोग्राम त्या चार जागांवर चालतो किंवा अडतो.

खरेदीची यादी हातात आली की फॉर्म उघडा, म्हणजे व्हेंडर रजिस्ट्रेशनचा. आमच्या फॉर्मात काय होतं ते सांगतो: तीन वर्षांचे ताळेबंद, किमान दोन कोटींची उलाढाल, आयएसओ ९००१ हे दर्जा व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र, ट्रान्सफॉर्मर उद्योगातल्या तीन ग्राहकांची शिफारस आणि बँक गॅरंटी. सगळ्यांना सरसकट. कॉपर स्ट्रिप देणाऱ्याला तेच आणि लाकडी क्रेट बनवणाऱ्यालाही तेच. प्रत्येक अटीपुढे एक प्रश्न लिहा: ही अट कुठला धोका टाळते? उत्तर नसेल तर त्या वस्तूसाठी ती काढा. क्रेटवाल्याला आयएसओ कशाला हवं? पण परदेशी जाणाऱ्या क्रेटचं लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेलं आणि आयएसपीएम १५ चा (लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का असलेलं हवंच. त्यात लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर सलग ३० मिनिटं तापवावं लागतं. ही अट सोडली तर माल परदेशी बंदरात अडकेल. ती कुणालाही सोडायची नाही. बँक गॅरंटी मात्र, आपण अॅडव्हान्स देतच नसू, तर कशासाठी मागतो? आणि "आमच्याच उद्योगातल्या तीन ग्राहकांची शिफारस" ही अट तर नव्या माणसाला बाहेर ठेवण्यासाठीच लिहिल्यासारखी आहे. पहिली ऑर्डर मिळाल्याशिवाय शिफारस येणार कुठून? त्याऐवजी नमुना घ्या, तपासा. मकरपुऱ्यातच एर्डाची प्रयोगशाळा आहे, इलेक्ट्रिकल मालाच्या चाचण्या तिथे होतात. पहिल्या नमुन्याचा खर्च कंपनीने उचलावा, असं मी आग्रहाने सांगेन.

तुमचा क्वालिटीचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. टॉलरन्स कुणासाठीही सैल करायचा नाही. सैल केला तर तोटा त्या व्हेंडरचाच. दोन वर्षांनी कुणीतरी म्हणेल, "ते कोट्यातले आहेत," आणि मग चांगलं काम करणाऱ्याचीही किंमत जाईल. बदलायच्या त्या अटी, मालाचा दर्जा तोच ठेवायचा.

एक प्रसंग सांगतो. मकरपुऱ्यात एका शेडमध्ये एक बेन (ताई) प्रेसबोर्डचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या इन्सुलेशनच्या जाड पुठ्ठ्याचे, भाग कापायच्या. एक पॉवर प्रेस, एक सर्क्युलर कटर, आणि दोन मुली टेबलाशी बसून कडा पॉलिश पेपरने साफ करायच्या. प्रेसबोर्ड हवेतला ओलावा शोषतो, म्हणून तयार माल लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत जायचा. पिशवीवर पेनाने तारीख, वेळ आणि मोजणाऱ्या मुलीचं नाव. इतकी शिस्त मी मोठ्या व्हेंडरकडेही क्वचित पाहिली होती. आम्ही त्यांना वाइंडिंगच्या स्पेसरची पहिली ऑर्डर दिली. माल आला आणि सगळा लॉट क्यूसीने नापास केला. स्पेसरच्या खाचेत पट्टी बसत नव्हती, अर्ध्या मिलिमीटरचा फरक होता. त्यांच्या बिलातून पैसे कापणारी डेबिट नोट निघाली. बायरने मला सांगितलं, "म्हटलं होतं ना साहेब."

दुसऱ्या दिवशी बेन आल्या. पिशवीतून ड्रॉइंग काढलं, टेबलावर पसरलं, शेजारी माप घ्यायचा व्हर्नियर आणि एक स्पेसर ठेवला. माप ड्रॉइंगप्रमाणे अचूक होतं. "साहेब, तमारो ज सिक्को छे," एवढंच म्हणाल्या. शिक्का आमचाच होता, पण ड्रॉइंग रिव्हिजन दोनचं होतं. डिझाइनने चार महिन्यांपूर्वी रिव्हिजन तीन काढलं होतं आणि आमच्याच माणसाने जुनी प्रत पाठवली होती. डेबिट नोट मी तिथल्या तिथे रद्द केली आणि मालाचे पैसे दिले. पण माझी झोप उडाली ती पुढच्या शोधाने. जुन्या व्हेंडरलाही नवीन ड्रॉइंग आम्ही कागदोपत्री कधी पाठवलंच नव्हतं. त्याचा माणूस आठवड्यातून दोनदा डिझाइनमध्ये चहाला यायचा, त्याला तोंडी कळलं होतं. म्हणजे आमच्या कारखान्यात अचूक माल बनवायला लागणारी माहितीच ओळखीवर चालत होती, आणि ज्याची ओळख नाही त्याचा माल नापास होणार हे आधीच ठरलेलं होतं.

म्हणून नव्या व्हेंडरसाठी एक इंजिनिअर नेमून द्या. महिन्यातून एक दिवस त्याने त्या शेडमध्ये जायचं. रिव्हिजन बदललं की लेखी कळवायचं आणि जुनी प्रत परत घ्यायची. तपासणीचं गेज आपल्याकडचं असेल तर तेच उसनं द्यायचं, म्हणजे दोन्हीकडे एकाच गेजने माल तपासला जाईल. याला खर्च फारसा नाही. मात्र त्या इंजिनिअरच्या कामाच्या मोजमापात हा दिवस धरला गेला पाहिजे, नाहीतर तिसऱ्या महिन्यापासून तो जाणं बंद करेल.

कुठल्या वस्तू निवडाव्यात? सीआरजीओ स्टीलमध्ये (ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याच्या खास पोलादात) आणि मोठ्या कॉपरच्या खरेदीत छोट्याला जागा नाही, तिथे वेळ घालवू नका. मशिनिंग, वायरिंग हार्नेस, इन्सुलेशनचे भाग, गॅस्केट, नेमप्लेट, पॅकिंग, पावडर कोटिंग, वाहतूक यांत भरपूर जागा आहे. बहुतेक कंपन्यांचा प्रोग्राम कँटीन, हाउसकीपिंग आणि दिवाळीच्या भेटवस्तूंवर थांबतो. बचत गटाकडून फराळ घेणं चांगलंच आहे, आपल्या मंडळांतल्या कितीतरी बायकांचं घर त्यावर चालतं. पण मालाच्या मुख्य खरेदीत एकही नाव बदललं नसेल तर त्याला मी प्रोग्राम म्हणणार नाही.

ऑर्डरचा आकारही बघा. वर्षाचा सगळा माल एकाच पीओत (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) काढला की छोटा आपोआप बाहेर. लॉट तोडा, सत्तर-तीस करा. सरकारी धोरणातली एक पद्धत उपयोगी आहे: छोट्या उद्योगाचा भाव सर्वात कमी भावापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर त्याला सर्वात कमी भावाला यायची संधी देतात आणि ऑर्डरचा काही हिस्सा मिळतो. कंपनीला एक पैसा जास्त पडत नाही. माल महाग असेल, उदाहरणार्थ कॉपर, तर तो आपणच द्या आणि जॉबवर्क, म्हणजे फक्त मजुरीचं काम, करून घ्या. छोट्याचं भांडवल कच्च्या मालातच अडकतं, भाव वर गेला की तो बुडतो. जीएसटीत चलनावर माल पाठवता येतो, तो वर्षाच्या आत परत यायला हवा. चलनांचा हिशोब स्टोअर्सकडून चोख ठेवून घ्या, त्यात ढिलाई झाली की कराचा ताप होतो.

आता पेमेंट. सगळं विसरलात तरी एवढं धरून ठेवा. मी कुठल्याही छोट्या शेडमध्ये गेलो की मशीन दाखवून झाल्यावर, चहा येता येता, तोच प्रश्न यायचा: "साहेब, ऑर्डर तो आपशो, पण पेमेन्ट क्यारे आवशे?" (ऑर्डर तर द्याल, पण पैसे कधी येणार?) २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. पीओवर "पेमेंट ९० दिवस" छापलं तरी ते कायद्यापुढे टिकत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी मिळतो. एमडींना पॉलिसीपेक्षा हे कलम लवकर पटेल, ते आधी दाखवा.

पण उशीर अकाउंट्समध्ये होतो हा समज खोटा आहे. मी एकदा एकाच बिलाचा माग काढला. माल गेटवर आला, इनवर्ड झाला, आणि क्यूसीच्या जाळीच्या आत २२ दिवस तसाच पडून राहिला, कारण लाइनला त्याची घाई नव्हती. क्यूसी पास नाही म्हणून जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) नाही, जीआरएन नाही म्हणून अकाउंट्सच्या हिशोबात बिलच आलेलं नाही. अकाउंट्सचा मुलगा प्रामाणिकपणे सांगत होता, "आमच्याकडे पेंडिंग शून्य." कायदा दिवस मोजतो ते माल पोचल्यापासून. पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असंच धरलं जातं. त्यामुळे तुमच्या सिस्टिममध्ये घड्याळ गेट एंट्रीपासून सुरू झालं पाहिजे, जीआरएनपासून नाही. छोट्या व्हेंडरचा माल पाच दिवसांत पास किंवा लेखी कारणासह नापास, हा नियम क्यूसीकडून मान्य करून घ्या. तुमची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल तर ट्रेड्सवर नोंदणी आता सक्तीचीच आहे. त्या मंचावर व्हेंडरला बिलाचे पैसे बँकेकडून लवकर उचलता येतात.

एक वाईट प्रकार मी पाहिलाय, तो तुमच्याकडे होऊ देऊ नका. आयकराची तरतूद आल्यावर एका कंपनीने छोट्या व्हेंडरना सांगितलं, उद्यम नोंदणी रद्द करा नाहीतर ऑर्डर बंद. लोकांनी रद्द केली. पोटाचा प्रश्न होता, काय करतील?

महिला मालकी फक्त कागदावर आहे की खरी, हा प्रश्न येईलच. गुजराती घरांत पत्नीच्या नावावर फर्म असणं नेहमीचं. चौकशी करा, पण उलटतपासणी नको. शेडवर जाऊन भावाबद्दल, मशीनबद्दल, मजुरांबद्दल गप्पा मारल्या की निर्णय कोण घेतं ते अर्ध्या तासात कळतं. नवरा हिशोब बघतो आणि ती उत्पादन बघते, असंही असतं, ते खरंच मानायचं. ग्राहकाला आंतरराष्ट्रीय दाखला हवा असेल तर वीकनेक्ट इंटरनॅशनल महिला उद्योगांची पडताळणी करते. दलित उद्योजकांसाठी २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली डिक्की ही संघटना आहे, तिच्याशी संपर्क करा. २०१६ पासूनचं राष्ट्रीय एससी-एसटी हब आणि जिल्हा उद्योग केंद्र, दोन्हीकडून नावं मिळतील. नावं मिळाली की शेडवर जायचंच.

उद्दिष्ट किती टक्क्यांचं ठेवायचं? पहिल्या वर्षी टक्केवारी ठेवू नका. बायरवर आकडा लादला की तो मार्चमध्ये एका मोठ्या ऑर्डरने भरून टाकतो. चार गोष्टी मोजा: किती नव्या युनिटना आरएफक्यू (कोटेशनची मागणी) गेली, किती जणांना पहिली ऑर्डर मिळाली, त्यातल्या किती जणांना दुसरी मिळाली, आणि गेटपासून बँकेपर्यंत सरासरी किती दिवस लागले. दुसरी ऑर्डर हा माझ्या दृष्टीने सर्वात खरा आकडा आहे. पहिली ऑर्डर एमडींच्या सांगण्यावरून जाते, दुसरी बायर स्वतःच्या भरवशावर देतो.

तीन महिन्यांत काय होईल तेही सांगतो. यादी तपासून होईल, फॉर्म बदलेल, पेमेंटचं घड्याळ गेटवर लागेल, आणि पाच-सहा युनिटचे नमुने तपासणीला गेलेले असतील. ग्राहकाला तेवढंच लिहा, तारखांसकट. त्यांच्या ऑडिटरला फुगवलेला आकडा एका फोनमध्ये कळतो, आणि नुकतंच सुरू केलंय हे लिहिण्यात काही कमीपणा नाही.

तुमचा सध्याचा रजिस्ट्रेशन फॉर्म मला पाठवा, कंपनीचं नाव झाकून चालेल. मी कलमांवर खुणा करून परत पाठवतो. बँक गॅरंटीचं कलम आणि शिफारशीचं कलम, या दोन्हीवर तुमच्या फायनान्सवाल्यांशी आधी बोलून ठेवा, अडेल ते तिथेच.